जीर्णोद्धार कशाचा?

राजापुरात इंग्रजांची वखार पुन्हा बांधावी, असं माझ्या एका मित्राच्या डोक्यात आलं आहे. अगदी जशीच्या तशी. चिरेबंदी भिंती, खाडीपर्यंत गेलेलं आवार, आत मिरीची पोती, कापडाचे गठ्ठे, मोठा तराजू आणि बाकावर बसलेला एक टोपीवाला साहेब. माझी उभी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे अंदाजपत्रक मी करून द्यावं ही त्याची अपेक्षा. अंदाजपत्रकाला काय लागतं? चिरा किती, चुना किती, गवंड्याची मजुरी किती. पण कागद पुढ्यात घेतला तेव्हा पहिल्या रकान्यातच अडलो. कामाचं नाव काय लिहायचं? दुरुस्ती? नवीन बांधकाम? की देखावा?

ह्याच सुमाराला आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे. तिथंही जुनं उतरवून नवं उभं करायचं आहे, आणि तिथं मात्र हा प्रश्न कुणालाही पडलेला नाही. नवं देऊळ झाल्यावर ते तेच देऊळ असेल का, असं विचारलं तर लोक माझ्याकडे ऊन लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतील. देवळाला जे सहज जमतं ते वखारीला का जमू नये, हे मला नीट लावून पाहायचं आहे.

वखारीची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण शाळेत ती एका ओळीत संपवतात. सतराव्या शतकाच्या मध्याला ईस्ट इंडिया कंपनीनं राजापुरात बस्तान मांडलं. समुद्रातून जैतापूरच्या खाडीनं आत यायचं आणि वर अणुस्कुरा घाटानं कोल्हापूर, विजापूरकडे माल जायचा-यायचा. आदिलशाहीच्या हद्दीतलं ते एक व्यापारी ठाणं. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा ह्या वखारीचा मुख्य, हेन्री रेव्हिंग्टन, तोफ आणि गोळे घेऊन तिथं गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. व्यापाऱ्यानं व्यापार सोडला की काय होतं ते त्याला पुढच्याच वर्षी कळलं. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत गेले आणि 1663 सालापर्यंत सुटले. नुकसानभरपाईचा वाद मात्र राज्याभिषेकापर्यंत चालला. 1674 मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तो नजराणा घेऊन, पण झोळीत राजापूरचं जुनं येणंही होतंच.

पुढं काळाच्या ओघात खाडी गाळानं भरत गेली, बंदर मागं पडलं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात ह्या वखारीचा उल्लेख भक्कम दगडी इमारत म्हणून आहे, पण ती तेव्हा सरकारी कचेरी म्हणून वापरात होती. वखारीची कचेरी होणं ही माझ्या खात्याच्या दृष्टीनं अगदी नैसर्गिक उत्क्रांती.

आता बांधलेल्या वखारीबद्दल. अशी एक मी पाहिली आहे, पण ती इथं नाही, कॅनडात आहे. मुलगी थंडर बे नावाच्या गावी असते, लेक सुपीरिअरच्या काठाला. तिथं फोर्ट विल्यम म्हणून कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं होतं, नॉर्थ वेस्ट कंपनीचं. 1803 पासूनचं. बीव्हर नावाचा पाण्यात राहणारा प्राणी, त्याच्या अंगावरच्या मऊ लवेपासून नमदा करायचा आणि त्या नमद्याच्या टोप्या युरोपातल्या साहेबांनी घालायच्या, एवढ्यासाठी अर्ध्या खंडाचे जंगलरस्ते आणि नद्या राबत होत्या. आपल्याकडे ज्यांना टोपीकर म्हणत त्यांच्या टोपीखाली हे असं एक दुसरंच जग होतं, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. दोन्हीकडचा राजाही एकच. दुसऱ्या चार्ल्सनं हुंड्यात मिळालेली मुंबई 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिली, आणि 1670 मध्ये हडसन्स बे कंपनीला कॅनडातला अफाट मुलूख दिला, त्याचं भाडं दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर, तेही राजा तिकडे येईल तेव्हाच. दोन्ही मुलुखांत आधीपासून माणसं राहत होती, ही गोष्ट भाडेपट्ट्यात कुठं नाही.

मूळ फोर्ट विल्यमच्या जागेवर रेल्वेचं यार्ड आलं. म्हणून सुमारे चौदा किलोमीटर नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याच जागेवर, बेचाळीस इमारती नव्यानं उभारल्या आणि 1973 साली ठाणं लोकांना खुलं केलं. दारातून आत गेलं की साल 1816. गुमास्ता त्या काळचा कोट घालून खातेवही लिहितोय, लोहार भाता मारतोय, आचारीण पाव काढतेय. मी गुमास्त्याला विचारलं, बाबा, तुला पगार कोण देतं? तो हसला आणि म्हणाला, कंपनी. मुलीनं मला कोपरानं ढोसलं.

इमारती उत्तम होत्या, खात्याचा माणूस म्हणून सांगतो. लाकडाचे सांधे मी हात लावून पाहिले. पण त्या सगळ्या आवारात एकच गोष्ट मला खरी वाटली, आणि ती इमारत नव्हती. एका शेडमध्ये होडी बांधत होते. तिकडच्या भूर्जाच्या सालीची. आपली भूर्जपत्रं ज्या झाडाची, त्याच कुळातलं हे झाड. सालीचा मोठा तुकडा आतली बाजू बाहेर करून पसरलेला, कडेनं खुंट ठोकलेले, आणि एक बाई स्प्रूसच्या चिवट मुळ्या दोऱ्यासारख्या चिरून त्यांनी साल शिवत होती. शिवणीवर मग राळ, चरबी आणि कोळशाची पूड एकत्र शिजवून लावायची, म्हणजे पाणी शिरत नाही. मी विचारलं, ही होडी इथं दाखवायला ठेवणार का? ती म्हणाली, नाही, नदीत सोडणार. दाखवायला ठेवली तर साल तडकते.

तिथून माझ्या डोक्यात एक भेद शिरला तो निघेना. किल्ला म्हणजे 1816 च्या किल्ल्याची नक्कल आहे. होडी कशाची नक्कल आहे? कशाचीच नाही. ती पुढची होडी आहे. हजारो होड्या झाल्या, त्यातली आणखी एक. साल नवी, मुळ्या नव्या, पण हात शिकलेला, आणि ज्यानं शिकवला त्याचा हातही कुणीतरी शिकवलेला.

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. नागसेन भिक्खूनं मिलिंद राजाला विचारलं होतं की तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा नाही नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की ह्या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात रथ म्हणतात. ‘मिलिंदपञ्हो’तला हा संवाद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. युक्तिवाद बिनतोड आहे, पण मला तो नेहमी थोडा वकिली वाटत आला. रथ मोडून सुटा केला, नाव उडवून लावलं, ठीक. पण संध्याकाळी राजाला घरी परत कोण नेणार? त्याच ग्रंथात दुसरी उपमा आहे ती मला जास्त पटते. रात्रभर जळणारा दिवा: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक का? तीच नाही, आणि वेगळीही नाही. मला ह्यात एक भर घालावीशी वाटते. रात्री उठून तेल कोण घालत होतं? नागसेनानं तेलवाल्याचा विचार केलेला नाही. देवळाचा गुरव तोच करतो.

गणपतीपुळ्याजवळ ‘प्राचीन कोकण’ म्हणून उघड्यावरचं संग्रहालय आहे. पाचशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं गाव, माणसाएवढ्या पुतळ्यांनी दाखवलेलं. बारा बलुतेदार आहेत, खोताचं घर आहे. नातवाला घेऊन गेलो होतो, त्याला फार आवडलं. पाहण्यासारखं आहेच. मी मात्र खोतापाशी रेंगाळलो. माझ्या आजोबांनी खोताचं कूळ म्हणून शेत कसलं होतं. खोत समोरून आला की पायातलं काढून पाखाडीच्या कडेला उभं राहायचं, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. खोती मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं आणि ती कायद्यानं गेली 1949 मध्ये. आता हा पुतळा. नातवानं त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पुन्हा उभारलेल्या कोणत्याही गोष्टीत भीती उभारता येत नाही, आणि बहुधा हाच तिचा मोठा गुण आहे. फोर्ट विल्यमलाही कातड्यांचा वास नव्हता आणि कर्जात बुडालेला शिकारी नव्हता.

पण म्हणूनच पुन्हा उभारलेल्याला मूळचंच म्हणता येत नाही. राजापूरची वखार कशात होती? भिंतीत नक्कीच नव्हती. ती होती परवान्यात, उधारीत, घाटावरच्या मालाच्या बोलीत, कोणाला किती जवळ येऊ द्यायचं ह्या राज्यकर्त्याच्या हिशेबात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे जितकं स्वच्छ आहे तितकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते लिहितात त्याचा आशय असा: टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागं राजे आहेत आणि एकदा जागा धरली की ते सोडत नाहीत. त्यांना वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी देऊ नये, आत खोलगट जागी द्यावी, आणि पक्कं बांधकाम करू देऊ नये. त्यांनी ह्यात इंग्रज, वलंदेज, फरासीस सगळे धरले आहेत. मित्राला मी हे वाचून दाखवलं. म्हटलं, अमात्य नको म्हणत होते ते पक्कं बांधकाम आता आपण आपल्या खर्चानं करायचं म्हणतोयस.

वखारीचा जीव कुठं गेला हे पाहायचं तर राजापूरच्या आवारात नव्हे, खाडीच्या तोंडाशी जावं. जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर अणुवीज प्रकल्पासाठी जमीन घेतलेली आहे. फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी 1650 मेगावॅट, असा बेत. 2010 मध्ये करार झाला, आंदोलनं झाली, फ्रेंच कंपनी बदलली, बोलणी अजून चालू आहेत. प्रकल्प हवा की नको ह्यात मी इथं शिरत नाही, गावात त्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. एवढंच दिसतं की त्याच खाडीच्या तोंडाशी परदेशी कंपनीला जागा द्यावी का, कुठं द्यावी, तिच्यामागं कोण आहे, किती पक्कं बांधू द्यावं, हे प्रश्न नव्यानं चघळले जात आहेत. कुणी टोपी घातलेली नाही, तराजूही नाही. पण होडी जशी पुढची होडी, तसा हा पुढचा व्यवहार आहे. पुनर्जन्म मानायचा तर असा मानावा लागतो. चेहरा जुळेलच असं नाही. उलट चेहरा हुबेहूब जुळवून चिऱ्यांत जे उभं राहील त्यात वखारीचं काही असणार नाही. तिकडे कॅनडात हडसन्स बे कंपनीची शेवटची दुकानं 2025 साली बंद झाली, आणि तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी, जी 1821 मध्येच तिच्यात विलीन झाली होती, तिचं लाकडी ठाणं मात्र तिकीट लावून उभं आहे.

तर देऊळ. आमचं ग्रामदेवतेचं देऊळ जांभ्याचं, कौलारू, सभामंडपाला फणसाचे खांब. पायथ्याशी वाळवी लागली, एक तुळई बसली. सभेत दोन पक्ष पडले. मुंबईकर मंडळींना कळस हवा, स्लॅब हवा, फरशी हवी. देणगी त्यांची जास्त, म्हणून आवाजही. मी जुन्या बाजूचा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर राहून कणखर होतो, पावसात तो श्वास घेतो, स्लॅब दहा-पंधरा पावसाळ्यांत गळायला लागतो, असं मी सगळं तांत्रिक बोललो. लोकांनी मान डोलावली, कारण बांधकामातला माणूस बोलला की डोलवायची असते.

मग खालच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ उठले. फारसे सभेत बोलत नाहीत. म्हणाले, “आबा, तुम्ही जसंच्या तसं म्हणता. सभामंडपात ती दुसरी पायरी आहे, ती पण जशीच्या तशी बांधणार?”

सभा गप्प झाली. मंडपात जोत्याच्या दोन पातळ्या आहेत. वरच्या पातळीवर बारापाचाचे मानकरी आणि त्यांच्या घरचे. खालच्या वाडीची माणसं पूर्वी त्या पायरीच्या अलीकडे थांबायची. आज कुणी कुणाला अडवत नाही, पण पालखी निघते तेव्हा कोण कुठं उभं राहतं ते पाहिलं तर पायरी अजून आपलं काम करते आहे. “सिमीट असूदे नाहीतर चिरा,” ते म्हणाले, “मला काय कळत नाही. पायरी नको.”

होडीवरून मी जे शिकलो त्याला हा चांगलाच धक्का होता. शिकलेले हात, चालत आलेली रीत, म्हणून ते खरं, हे माझं म्हणणं. पण पायरीसुद्धा शिकलेल्या हातांनीच बांधली होती आणि चालत आलेल्या रीतीनंच टिकली होती. नक्कल निरुपद्रवी असते. जे खरोखर पुढं चालत राहतं त्यातूनच जाच पुढं येतो, देणं येतं, भांडण येतं. रत्नागिरीत सावरकरांनी सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर उभं केलं, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, 1931 साल. ते कशाचाच जीर्णोद्धार नव्हतं. जुन्या देवळांच्या रीतीतून जे होणार नव्हतं त्यासाठी नवं जोतं घालावं लागलं. आणि तिथं देव आला नाही असं कोण म्हणेल?

देव कशानं येतो, ह्याचं उत्तर मला आमच्या गुरवानं दिलं. सभेत निकाल लागेना तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवालाच विचारा, कौल लावा. चिरा की सिमेंट. गुरव शांतपणे म्हणाला, “असलं देवाला विचारायचं नसतं. साहित्य आपण बघायचं. देवाला एवढंच विचारायचं, बाहेर येतोस काय? आणि काम झाल्यावर, आत येतोस काय?”

जीर्णोद्धाराचं सगळं शास्त्र ह्यात आलं. वास्तू उतरवण्याआधी देवतेचं सत्त्व कलशात काढून घेतात, कलाकर्षण म्हणतात त्याला. तेवढा काळ देव मांडवात. मूर्ती भंगलेली असेल तर ती पाण्यात सोडतात. तिच्याशी मग काही नातं उरत नाही, कितीही जुनी असो. पुराणवस्तू खात्याच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल, पण आपली रीत अशी आहे. नवं झालं की बोलावणं करायचं. बोलावणारे तेच आणि ज्याला बोलवायचं तोही तोच, म्हणून देऊळ तेच. चिरा मध्ये येतच नाही. शिमग्यात देवाची रुपी, म्हणजे मुखवटे, पालखीत बसून घरोघर येतात तेव्हा देऊळ रिकामं असतं आणि कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. वखारीला नेमकं हेच नाही. तिथं कुणाला बोलावणार? रेव्हिंग्टनला? आणि तो आला तर त्याला ठेवून घ्यायची आपली तयारी आहे का?

कौल लागला. दगडावर कळे लावले, गाऱ्हाणं घातलं, बराच वेळ कळा हलला नाही. लोक कुजबुजायला लागले. मग उजवा पडला. बाहेर यायला देव कबूल.

साहित्य आम्हीच ठरवलं. भिंती जांभ्याच्या, छप्पर कौलारू, गाभारा आहे त्या मापाचा, आणि सभामंडप एका पातळीत. मुंबईकरांना कळस मिळाला नाही, त्याऐवजी बाहेर पाणपोई आणि देणगीदारांच्या नावांची पाटी. जुन्या पक्षातले दोन मानकरी अजून घुश्शात आहेत. त्यांचं म्हणणं, पायरी देवानं काढायला सांगितली नव्हती. खरं आहे. ठेवायलाही सांगितली नव्हती.

सध्याची अडचण सुताराची आहे. खिळा न मारता खाचेत खाच बसवून खांब-तुळई जोडणारा माणूस तालुक्यात शोधावा लागला. मिळाला तो सत्तरीतला. तो काम घ्यायला तयार आहे, पण त्याची अट अशी की गावातली दोन पोरं त्याच्या हाताखाली पूर्णवेळ द्यायची, आणि त्यांचा रोज समितीनं भरायचा, शिकाऊ म्हणून अर्धा नव्हे, पुरा. खजिनदार म्हणतात अर्धा. पुढच्या रविवारी सभा आहे. पोरांपैकी एक खालच्या वाडीतला आहे, त्या म्हाताऱ्यांचा नातू, आणि त्याला पुण्याच्या एका कारखान्यातूनही बोलावणं आलेलं आहे, तेव्हा अर्ध्या रोजावर तो काही थांबायचा नाही.